जिन्यात एकच आवाज

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लॅपटॉप उघडला, दोनदा बंद केला. मामी म्हणाली तुझं सबमिशन राहिलंय ना, आधी ते कर, आणि ते खरंच राहिलंय. शिवाय मामाला कळलं तर तो म्हणेल, "आमच्यावर काय लिहायचंय, आम्ही कोण लागून गेलो?" पण गेल्या रविवारी जिन्याच्या तळाशी जे झालं ते डोक्यातून जातच नाहीये. म्हणून एका दमात टाइप करतेय. शुद्धलेखन वगैरे नंतर बघू.

माझा मामा घरसामान हलवायचं काम करायचा. लोक घर बदलतात ना, तेव्हा कपाट, फ्रीज, पलंग, वॉशिंग मशीन ज्यांच्या अंगावरून खालीवर होतं, त्यातला एक. उंचीनं माझ्याएवढाच, पण खांदे असे की मामी म्हणते, "हे दारात उभे राहिले की दिवसा लाइट लावावा लागतो." कॉलेज त्याच्या घरापासून जवळ म्हणून मी दीड वर्षापासून त्याच्याकडेच राहते. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की जिना चढताना मामाचे ओठ हलतात. आवाज नाही, नुसते ओठ. मला वाटलं नामस्मरण करत असेल. तर तो पायऱ्या मोजत होता.

त्याचा एक जोडीदार होता. वकील. खरं नाव कागदोपत्री काहीतरी असेल, पण बायकोसुद्धा ते वापरत नाही. शाळा सातवीत सोडलेली, पण कुठलीही गोष्ट वाद घातल्याशिवाय मान्य करायची नाही हा बाणा. चहा गरम आहे म्हटलं तर विचारणार, "कशाच्या मानानं?" आणि मामा सारखा मोजत असायचा म्हणून वकीलकाकांनी त्याला ठेवलेलं नाव, मास्तर. त्यांचा टेम्पोवाला म्हणायचा, "माझ्या गाडीत शाळा आणि कोर्ट दोन्ही बसतात, अक्कल तेवढी मागे राहते."

वीस वर्षं ही जोडी होती. वीस! माझं कुणाशी वीस दिवस पटत नाही.

आता थोडं कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. जिन्यातून जड सामान नेताना दोघांपैकी एकाला उलट्या पावलांनी चालावं लागतं. त्याला मागची पायरी दिसत नाही. दुसऱ्याला कपाटापलीकडचं काही दिसत नाही. म्हणून तो मोजतो. स्वतःची पावलं नाही हं, समोरच्याची. सामानाखालून खांद्यावर घेतलेल्या पट्ट्याला बसणाऱ्या ओढीवरून त्याला कळतं की आता त्याचा पाय पडला. एक, दोन, तीन, आणि शेवटची झाली की म्हणायचं, "आलं." म्हणजे आता सपाट आहे, टाक बिनधास्त पाय. वकीलकाका नेहमी उलटे आणि मामा नेहमी मोजणारा. सामान उचलायच्या आधी मामा एकदा मोकळ्या हातानं सगळा जिना चढून उतरून मोजून घ्यायचा, मग पट्टा खांद्यावर.

सुरुवातीला म्हणे दोघंही मोजायचे. एकदा आरशाचं टेबल उतरवताना मामा म्हणाला नऊ, वकीलकाका म्हणाले दहा, आणि हे दोघे महाभाग ते धूड हातात धरून अर्ध्या जिन्यात भांडत बसले. घरमालकीण वरून ओरडतेय, "अहो आधी खाली ठेवा, मग मारामारी करा!" आरसा तडकला तो तडकलाच. त्या दिवशी मामानं नियम केला, जिन्यात एकच आवाज. आणि आश्चर्य म्हणजे जगातल्या प्रत्येक गोष्टीवर वाद घालणाऱ्या ह्या माणसानं तो नियम मुकाट्यानं पाळला. जिन्याबाहेर तोंडाचा पट्टा सुरू, जिन्यात पाय ठेवला की चिडीचूप.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका सोसायटीत सारख्या दिसणाऱ्या दोन बिल्डिंगी होत्या, अगदी जुळ्या. आदल्या दिवशी एकीतलं सामान उतरवलेलं, दुसऱ्या दिवशी दुसरीतलं. पहिलीत प्रत्येक मजल्याला सोळा पायऱ्या. मामानं दुसरीत वरचे दोन मजले मोजले, सोळा, सोळा, आणि खालच्याच्या वेळी म्हणाला, चला, तेच आहे. मोजलं नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा मोजलं नाही. त्या बाजूला जमीन जरा उतरती होती, म्हणून तळाला एक पायरी जास्तीची बांधलेली. सतरा होत्या.

लोखंडी कपाट होतं. मामा वरच्या बाजूला, वकीलकाका खाली, उलटे. "पंधरा. सोळा. आलं." वकीलकाकांनी सपाट जमिनीवर टाकतात तसा लांब पाय मागे टाकला, आणि तिथे जमीन नव्हती.

पाठीचा मणका. पोटाच्या खाली काही कळेनासं झालं, ते कायमचं.

मामानं त्यानंतर काम केलं, करावंच लागलं, पण मोजणारा म्हणून कधी उभा राहिला नाही. नव्या पोरांबरोबर जायचा आणि स्वतः उलटा चालायचा. "मोज तू," म्हणायचा त्यांना. आणि मामीनं मला एकदा भांडी घासता घासता सांगितलं की ह्यांनी हात जोडायचेही बंद केले. मी मामाला विचारलं तर म्हणाला, "डोळे मिटले की मोजायला लागतो गं. सोळा झाले की उघडतो. त्याच्यापुढं जाताच येत नाही. मग देवापुढं कशाला उभं राहायचं, त्याचाही वेळ फुकट."

वकीलकाका चौथ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट नाही. चौसष्ट पायऱ्या. काकू घरीच कपडे दुरुस्त करून देते, कंबर सैल कर, बाही आखूड कर, चेन बदल. गिऱ्हाईक सगळं त्याच बिल्डिंगीतलं, म्हणून तळमजल्याची खोली बघायचं दरवेळी नुसतं बोलणंच होतं. अपघातानंतर आठ महिने काकूनं मामाला घरात घेतलं नाही. मामा दर रविवारी सकाळी जायचा, कडी वाजवायचा, काकू दार उघडायची, बघायची आणि लावून घ्यायची. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मामा म्हणतो. आत पलंगावरून वकीलकाका ओरडायचे, "अगं कोण आहे?" आणि ती म्हणायची, "कुणी नाही, वारा."

आठ महिन्यांनी एका रविवारी तिनं दार उघडलं आणि लावलं नाही. म्हणाली, "भाऊजी, ह्यांनी आठ महिने जमीन बघितली नाही. काल रडले. मला उचलत नाहीत."

मामानं सामानाचाच पट्टा काढला. त्याची बैठक केली, ती वकीलकाकांच्या मांड्यांखालून घेतली, दोन्ही टोकं स्वतःच्या खांद्यांवर. पाठीवर घेतलं आणि जिन्याच्या तोंडाशी येऊन थांबला. पाय उचलेना. मोजायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. तेव्हा पाठीवरून वकीलकाका म्हणाले, "एक." मामानं एक पाऊल टाकलं. "दोन." अशा चौसष्ट. त्या दिवसापासून जिन्यातला आवाज बदलला. मोजणारे वकीलकाका, चालणारा मामा.

तिसऱ्या रविवारी मामा गेला तेव्हा पट्ट्याला आतून कापसाची गादी शिवलेली होती, मांड्यांना काचू नये म्हणून. आणि खांद्यावर येतो त्या भागालाही. तो पट्टा मामा आजतागायत कुणाला हात लावू देत नाही.

मी राहायला आले तेव्हापासून रविवारचं खुर्चीचं काम माझ्याकडे आलं. प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन मी मागे चालायचे. खाली रस्त्याच्या कडेला सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्या भिंतीला खुर्ची लावायची, वकीलकाकांना बसवायचं. घरातून निघतानाच ते मामाकडून पायात चपला घालून घ्यायचे. मी एकदा येड्यासारखं बोलून गेले, "काका, चपला कशाला, तुम्ही कुठे चालणार आहात?" जीभ चावली मी. पण ते म्हणाले, "भाचीबाई, माणूस बाहेर निघाला की चपला घालतो. मी बाहेर निघालोय." खाली बसले की मामा त्यांचे दोन्ही पाय धरून जमिनीवर नीट टेकवायचा, चपलांसकट. मग तासभर ते सायकलवाल्याशी वाद घालायचे. हवा पुढच्या चाकात आधी भरावी की मागच्या, ह्यावर मी स्वतः पाऊण तास ऐकलंय. सायकलवाला म्हणायचा, "वकीलसाहेब, पुढची तारीख द्या!"

तो एक तास. आठवड्यातला तेवढाच. बाकी सगळं पलंग, पंखा आणि शिलाई मशीनचा आवाज.

मध्ये एकदा मामाला ताप होता म्हणून बिल्डिंगीतले दोन धट्टेकट्टे भाडेकरू त्यांना खुर्चीसकट उचलून खाली घेऊन गेले. चांगले लोक होते, नीट नेलं. पण वकीलकाका परत आले तेव्हा तोंड पांढरंफटक, मुठी आवळलेल्या. काकूला म्हणाले, "पुन्हा नको. त्यांच्या अंगात ताकद आहे, पण मला भीती वाटते." विचार करा ना. ज्या माणसाच्या चुकीनं मणका गेला त्याच्याच पाठीवर ह्यांना भीती वाटत नव्हती.

आणि मग मामाचा गुडघा गेला.

मला आधीच कळायला हवं होतं. रविवारी सकाळी तो बाथरूममध्ये जाऊन गुडघ्याला घट्ट पट्टी बांधायचा, वरून ढगळ पँट. डॉक्टरांनी सांगितलेलं की ओझं बंद, नाहीतर काठी कायमची. मामीला वाटलं त्यानं ऐकलं, कारण सामानाचं काम त्यानं सोडलं. आता तो एका दुकानात गेटवर बसतो. पण ह्या एका ओझ्याचं त्यानं डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. मला म्हणाला, "ते विचारतील वजन किती. काय सांगू?"

चार महिन्यांपूर्वीचा रविवार. वकीलकाका पाठीवर, मी खुर्ची घेऊन मागे. दोन मजले उतरलो. तिसऱ्याच्या मध्यावर "सहा" म्हणून झालं, "सात" म्हणून झालं, आणि मामा सातनंतर तिथेच खाली बसला. पडला नाही, कठडा धरून बसला. वकीलकाका त्याच्या मागच्या पायरीवर टेकले, पट्टा तसाच, हनुवटी मामाच्या खांद्यावर. दोघांची तोंडं भिंतीकडे.

"ऊठ मास्तर, इथे पार्किंग नाही," वकीलकाका म्हणाले.

मामानं डावा गुडघा हातानं दाबून धरला.

"गुडघा?"

"हं."

"कधीपासून?"

"आत्ताच."

"खोटं बोलतो मेला. तीन महिने झाले. तुझा डावा पाय पडला की मला पोटात हिसका बसतो."

मी म्हटलं, मी खालून कुणालातरी बोलावते. दोघं एकदम म्हणाले, "नको." मग मी खुर्ची घेऊन वरच्या पायऱ्यांवर तशीच उभी. कुणाच्यातरी घरात नळ वाहत होता, तेवढाच आवाज.

मामा म्हणाला, "मी तुला परत पाडणार." इतक्या हळू म्हणाला की मला वाटलं मलाच भास झाला. "एकदा पाडलं. आज परत पाडणार. मला जमायचं नाही रे आता. माझ्यावर कशाला विसंबतोस तू? कशाच्या जोरावर?"

त्याची मान थरथरत होती. मी मामाला रडताना कधी बघितलं नव्हतं आणि आत्ताही फक्त मानच दिसत होती.

वकीलकाकांनी हनुवटी मामाच्या खांद्यावर घट्ट रोवली. मग म्हणाले, "एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"एक पायरी बाकी आहे ते."

मामानं मान वळवायचा प्रयत्न केला, पण पट्ट्यामुळे वळता येईना.

"सकाळी दोऱ्या घेऊन वर जाताना त्या तळाच्या पायरीला मला ठेच लागली होती. अंगठा सोलवटला. नंतर बसवलेली पायरी ती, खरखरीत सिमेंटची, बाकीच्या गुळगुळीत. कपाट घेऊन उतरताना तू म्हणालास आलं, तेव्हा टाचेला ती खरखर अजून लागली नव्हती. म्हणजे एक बाकी होती. कळलं मला."

"मग बोलला का नाहीस?" मामा ओरडला. अख्ख्या जिन्यात घुमलं. "आयुष्यभर कशाकशावर बोललास! चहावर बोललास, सायकलच्या हवेवर बोलतोस! नेमकं तेव्हाच तोंड शिवलं होतं तुझं?"

"जिन्यात एकच आवाज. नियम कुणाचा?"

"मसणात गेला नियम!"

"ऐक तर. शंका यायला अर्धा क्षण होता. तेवढ्यात तू म्हणालास आलं, आणि पाय मागे गेला. वीस वर्षं पाय तुझंच ऐकत आले होते. माझं घरात तरी कोण ऐकतं?"

"चुकलो ना मी. मोजलं नाही."

"एकदा चुकलास. बाकीचे एवढे जिने काय हवेत तरंगत उतरलो? तेव्हाही डोळे मागे नव्हते मला. तू म्हणालास आणि जमीन होती. प्रत्येक वेळी होती."

मामा नुसता श्वास घेत होता, जोरजोरात. मग म्हणाला, "अकरा वर्षं हे गिळून बसलास?"

"तुझ्या पाठीवर आधीच मी. त्यात हे कुठे ठेवणार होतास?"

"मग आज कशाला काढलंस?"

"कारण आज तू घाबरलायस. तुला वाटतं, जे झालं ते सगळं तू एकट्यानं केलंस. निम्मं माझं आहे मास्तर. मी गप्प बसलो होतो. माझा वाटा मला दे आणि ऊठ. आणि आज तू मोज."

"नाही."

"मोज म्हणतो ना. मोठ्यानं. अकरा वर्षं ह्या जिन्यात माझा आवाज चालला, घसा बसला माझा."

मामानं डोळे पुसले. बाहीनंच. विचारलं, "खाली की वर?"

आता खाली उरला होता दीड मजला. कठड्यातून तळाशी रस्त्याचा उजेड दिसत होता, सायकलवाल्याचा हातोडा ऐकू येत होता. वकीलकाकांनी वाकून तिकडे बघितलं. मी त्यांचा चेहरा बघितला तेव्हा, आणि तो मी कुणाला वर्णन करून सांगू शकत नाही, सॉरी.

मग ते म्हणाले, "वर."

"अरे, एवढं आलोय..."

"खाली गेलो तर वर आणायला तू उरणार नाहीस. वर चल."

मामा उठला कसा ते मला माहीत नाही. कठडा धरला, दात आवळले, एक घाणेरडी शिवी दिली आणि उठला. वळला. आणि म्हणाला, "एक."

आवाज नव्हताच तो, खरवडल्यासारखं काहीतरी होतं. "दोन." तिसऱ्यापासून जरा माणसाचा वाटायला लागला. सात झाल्या, मजला आला, म्हणाला, "आलं." पुढचा मजला. बारावर थांबला, गुडघा लटपटला, मी मागून खुर्ची टाकून दोन्ही हात वकीलकाकांच्या पाठीला लावले. ते म्हणाले, "भाचीबाई, हात काढ. त्याला मोजू दे." मी काढले. "तेरा." दरवाजे उघडून लोक बघत होते. "पंधरा. सोळा." मग मामा थांबला. डावा पाय पुढे घेऊन त्यानं फरशी चाचपली, आंधळा माणूस चाचपतो तशी. "आलं."

"आलं," वकीलकाका म्हणाले. आणि त्यांनी मामाच्या खांद्यावरचा हात सैल सोडला.

शेवटचा मजला राहिला होता, तोही झाला. दारात काकू उभी होती, हातात कात्री तशीच. तिनं मोजणं ऐकलं होतं. अकरा वर्षांनी भाऊजींचा तो आवाज ऐकून ती शिवण टाकून उठली होती. तिनं पलंगावरची चादर ताणली. मामानं वकीलकाकांना निजवलं आणि त्यांच्या पायातल्या चपला काढल्या. चपला नव्यासारख्या. तळ जराही न झिजलेले. त्या त्यानं दाराशी ठेवल्या, नेहमीच्या जागेवर.

त्यानंतर वकीलकाका खाली आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघाले तर मामा खिडकीपाशी हात जोडून उभा. मामी स्वयंपाकघराच्या दारात, तोंडाला पदर लावून. मी संध्याकाळी विचारलं, काय मागितलंस रे? म्हणाला, "मागायचं काय? मोजलं. सोळा झाले, मग सतरा म्हणालो. मग डोळे उघडले."

मामा आता काठी घेऊन दर रविवारी चौसष्ट पायऱ्या चढतो, पंधरा-वीस मिनिटं लागतात. वर तासभर बसतो. खालचं सगळं वकीलकाकांना सांगावं लागतं, सायकलवाला काय म्हणाला, कुठलं दुकान उघडलं, आणि प्रत्येक बातमीवर उलटतपासणी होते. निघायची वेळ झाली की काकू दार सताड उघडं ठेवते. पलंग दाराजवळच आहे. मामा उतरत जातो आणि मोठ्यानं मोजतो, प्रत्येक मजला. तळाला पोचला की ओरडतो, "आलं!" आणि चौथ्या मजल्यावरून उत्तर येतं, "आलं!" मगच मामा रस्त्यावर पाऊल टाकतो. शेजारचे हसायचे आधी. आता हसत नाहीत.

सुरुवातीला मीही जायचे, मग सलग पाच रविवार गेले नाही. आधी परीक्षा, मग मैत्रिणीचा वाढदिवस, मग खरं सांगायचं तर काहीच नाही, नुसता कंटाळा. खुर्ची न्यायची नव्हती, मग माझं काय काम, असं मीच ठरवलं. मामा आल्यावर सांगायचा, "विचारत होता, खुर्चीवाली कुठाय म्हणून." मी म्हणायचे, पुढच्या रविवारी नक्की.

गेल्या रविवारी गेले. वकीलकाका ओळखू आले नाहीत मला. छातीत सारखा कफ भरतोय, डॉक्टर घरी येऊन गेले, जिन्यात काकूशी हळू आवाजात बोलले. पाठीला जखमा झाल्यात त्या भरत नाहीत. माझ्याकडे बघून हसले, बोलायला गेले तर खोकलाच आला. मी त्यांचा हात धरून बसले. मी म्हटलं, "काका, चहा गरम आहे हं." त्यांनी भुवई उचलली. कशाच्या मानानं, ते नुसत्या भुवईनं विचारलं. काकू हसली आणि मशीनकडे तोंड करून बसली, पण मशीन चालवलं नाही.

आम्ही निघालो. मामा मोजत उतरला. मी मागे. चौसष्ट झाल्या. त्यानं वर तोंड केलं आणि ओरडला, "आलं!"

काही आलं नाही.

मामा काठीवर हात ठेवून उभा राहिला. रस्ता दोन पावलांवर. सायकलवाल्यानं हातोडा थांबवला, तोही वर बघायला लागला. मामानं परत हाक मारली, जरा हळू, "आलं रे." मी मामाकडे बघितलंच नाही, मी आपली पायऱ्यांकडे बघत होते. किती वेळ गेला माहीत नाही.

मग वरून काकूचा आवाज आला, कठड्यावरून वाकून, "ऐकलं त्यांनी भाऊजी! बोलवत नाहीये आज. मान हलवली! जा तुम्ही!"

मामा गेला नाही. शेवटच्या पायरीवर बसला, काठी मांडीवर आडवी. मी शेजारी बसले. त्यानं एक हात मागे नेऊन वरच्या पायरीवर ठेवला, कुणाच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि बराच वेळ ठेवला. उठताना म्हणाला, "पुढच्या रविवारी जरा लवकर निघू. नाहीतर रविवारच कशाला हवा? उद्या पण जाता येतं की."

एवढंच. म्हणून लिहिलं.

आमच्या जवळ राहत असाल तर जाऊन या त्यांच्याकडे. चौथा मजला, दार उघडंच असतं. त्यांना काही नेऊ नका, खालची एखादी बातमी घेऊन जा, थोडी चुकीची असली तर उत्तम. आणि उतरताना मोठ्यानं मोजा. लांब असाल तर तुमचंही कुणीतरी असेलच ना, ज्याला तुम्ही पाच रविवार सांगताय की पुढच्या रविवारी नक्की. त्याच्याकडे जा. ह्याच आठवड्यात जा, प्लीज. मी सबमिशन उद्या करते, आत्ता मामा चपला घालतोय, मी त्याच्याबरोबर निघतेय.